कर्ता नसलेली वाक्यं

"कुणी ठरवली?" असं तिच्या पाठीमागून कुणीतरी विचारलं, आणि बाबांचा अर्ज भरता भरता तिचा हात थांबला. जन्मतारखेच्या रकान्यात अर्धाच आकडा पडला. कानाच्या दवाखान्यातली ती खोली लहानशीच होती. भिंतीला लागून आठ खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र आणि काउंटरमागे एक हसतमुख मुलगी. दिवसभर बहिऱ्या माणसांशी बोलून ती घरीही ओरडूनच बोलत असणार. ती मुलगी कुणाला तरी म्हणाली होती, "काका, तुमची वेळ साडेअकराची ठरलीय." त्यावर हा प्रश्न. "तसं नव्हे हो, वेळेबद्दल माझी तक्रार नाही. ठरलीय म्हणालात म्हणून विचारलं. कुणी ठरवली? तुम्ही की डॉक्टरांनी?" मुलगी हसली. "मीच ठरवली, काका." "मग तसं सांगा की. ऐकायला बरं वाटतं."

तिनं वळून पाहिलं नाही. गरजच नव्हती. हा आवाज एके काळी सलग आठवडाभर तिच्या कानात राहायला होता. तीन तास दहा मिनिटांची ध्वनिफीत. प्रत्येक 'हं', प्रत्येक खोकला आणि प्रत्येक थांबणं टिपायचं म्हटलं की एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला आठ तास लागतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. 'म्हणजे' म्हटल्यावर हा माणूस आवंढा गिळतो हे तिला ठाऊक होतं. हसण्याआधी त्याच्या घशात एक बारीक घरघर होते, तीही तिच्या ओळखीची होती. नवऱ्याचा आवाजसुद्धा तिनं कधी इतक्या निगुतीनं ऐकला नसेल. चेहरा मात्र पुसट झाला होता. पांढऱ्या मिशा आठवत होत्या, आणि चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा. तिच्या कागदपत्रांत त्याला नाव नव्हतं. सहभागी क्रमांक सतरा.

"झालं का लिहून?" बाबांनी शेजारून विचारलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. ती "हो" म्हणाली, आणि आकडा पूर्ण करताना तिनं मान आणखीच खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असंच असणार. पण चोराला निदान आपण काय चोरलं ते ठाऊक असतं. ती गेली सात वर्षं त्याचीच यादी करत होती आणि यादी काही पुरी होत नव्हती.

सात वर्षांपूर्वी ती व्यवस्थापनाच्या संस्थेत नुकतीच कायम झाली होती. तिचा विषय थोडा आडवळणाचा होता. कंपन्या कशा चालतात हे बाकीचे लोक आकड्यांवरून बघायचे, ती बोलण्यावरून बघायची. नोटिसा, बैठकांची टिपणं, मुलाखती हे सगळं गोळा करायचं, वाक्य न् वाक्य सुटं करायचं, कोण 'आपण' म्हणतं आणि कोण 'आम्ही', कुठलं क्रियापद कितीदा येतं, ते मोजायचं आणि त्यावरून माणसांच्या पोटातलं ओळखायचं. सहकारी थट्टा करत. "आम्ही कारखाने मोजतो, आमच्या बाई क्रियापदं मोजतात." तीही हसायची. मग शीतकपाटांच्या नळ्या बनवणारा एक जुना कारखाना एका मोठ्या कंपनीनं घेतला आणि तिला तिथं अभ्यासाची परवानगी मिळाली. विलीनीकरण असा शब्द होता, दुधात साखर विरघळावी तसा. आत गेल्यावर कळलं की मोठ्या माशानं लहान मासा गिळला होता, आणि लहान मासा अजून पोटात हलत होता. तिनं बेचाळीस जणांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येकाला आधी एक संमतिपत्र द्यायची. त्यात ठळक अक्षरात छापलेलं होतं : तुमचं नाव कुठेही येणार नाही.

सतरावा माणूस तपासणी विभागातला होता. नळ्यांची जाडी मापून, केसाचाही फरक असला तर नळी बाजूला फेकायची, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. कारखाना त्याला मास्तर म्हणायचा, कारण खिशात कायम तांबडी पेन्सिल असायची आणि फलकावर लागलेल्या नोटिशीत ऱ्हस्वदीर्घ चुकला की तो उभ्या उभ्या सुधारायचा. तिचं संमतिपत्रही त्यानं शेवटपर्यंत वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली, मग सही केली. "नाव नाही आलं तरी चालेल," तो म्हणाला, "पण शुद्धलेखन सांभाळा." आवाज येतो म्हणून तिनं पंखा बंद करायला लावला होता. दोघंही घामानं निथळत होती, आणि तिसऱ्या तासाला, आता संपलंच असं वाटत असताना, तो सहज म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे हल्ली कर्ता गेलाय."

"कोण गेला?"

"कर्ता हो. वाक्यातला. शाळेत शिकवायचे ना, करतो तो कर्ता. जुने मालक तोंडाचे फटकळ. पण समोर उभे राहून म्हणायचे, मी तुझी पाळी बदलतोय, काय करायचं ते कर. आता नोटीस लागते, पाळी बदलण्यात आली आहे. कुणी बदलली? तर म्हणे वरून ठरलं. वर बघितलं तर पत्रा. म्हणजे… पत्र्यानं ठरवलं का?"

ध्वनिफितीवर इथं तिचंही हसणं आहे. मोकळं, मोठ्यानं. आणि त्या हसण्याच्या पोटात काहीतरी लख्खकन चमकून गेलं होतं हे फक्त तिला ठाऊक. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं आधीच्या दोन आणि नंतरच्या एका वर्षाच्या नोटिसा काढल्या आणि मोजायला बसली. कारखाना विकला जाण्याआधी दहातल्या सात वाक्यांत करणारा माणूस सापडत होता, नंतर जेमतेम दोनांत. तक्ते झाले, आलेख झाले. 'विश्लेषणातून असं आढळून आलं' असं तिनं लिहिलं. विश्लेषणातून! जणू विश्लेषण नावाची कुणी बाई घागर घेऊन विहिरीवर गेली आणि येताना निष्कर्ष घेऊन आली. सतरा क्रमांकाचं वाक्य तिनं चौथ्या तक्त्याखाली उदाहरण म्हणून दिलं, तिरक्या अक्षरात. घर त्याचं होतं, आणि त्याला तिनं दारावरच्या पाटीएवढी जागा दिली होती. तीही बिननावाची.

पण हे एवढंच असतं तर तिनं ते कधीच पचवलं असतं. या धंद्यात सगळेच दुसऱ्याच्या तोंडचं खातात. घशाशी येत होतं ते वेगळंच. परवानगीची एक अट होती : लेख बाहेर जाण्याआधी कंपनीला दाखवायचा. काचेचं लांबलचक टेबल, त्याभोवती नऊ माणसं, भिंतीवर पडदा. चौथा तक्ता आला, त्याखालचं वाक्य आलं, आणि एचआरचे साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पत्र्यानं ठरवलं का! अहो, असं व्याकरण काढणारे तर आपले मास्तर!" टेबलाभोवती हशा पिकला. साहेब तिच्याकडे वळले. "तेच ना?" ती म्हणाली, "मला ते सांगता येणार नाही." शब्द अगदी बरोबर होते, नियमाला धरून होते. पण ती हसत होती. इतका वेळ ताणून बसलेल्या माणसांनी आपल्या लेखाला दिलेली ती पहिली दाद होती, आणि दाद मिळाली की चेहरा आपोआप उजळतो. आपोआप? तो आपोआपपणा ती नंतर कित्येकदा उलटसुलट करून बघत आली होती. आयुष्यभर तिनं लोकांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या सुराला किंमत दिली, आणि त्या दिवशी तिच्या शब्दांनी नाही म्हटलं आणि सुरानं हो.

तीन महिन्यांनी कामावरून कमी केलेल्या साठ जणांची यादी लागली. साहेबांचा दुसऱ्याच कुठल्या कामासाठी फोन आला होता, त्यात शेवटी ते म्हणाले, "तुमचे मास्तर गेले बरं का." तुमचे! ती "अरेरे" म्हणाली. त्यानंतर एक हिशेब तिच्या डोक्यात बसला तो उठलाच नाही. तपासणीला यंत्रं येणारच होती. यादीतले बहुतेक पन्नाशीच्या पुढचे होते. म्हणजे तो तसाही गेलाच असता. बरोबर? मग त्याच विभागातली तिघं कशी राहिली? आंघोळ करताना, वर्गात फळा पुसताना, परीक्षेवर देखरेख करताना ती हा हिशेब मांडायची आणि उत्तर दर वेळी निराळं यायचं. लेखातून ते वाक्य अजून काढता आलं असतं. पण परीक्षकांनी लिहिलं होतं की तेच वाक्य म्हणजे लेखाचा प्राण आहे. लेख छापला, बक्षीस मिळालं, बढती मिळाली. बक्षीस घेताना तिनं सर्व सहभागींचे आभार मानले. सर्व सहभागींचे. कुणीतरी फुलं दिली होती, ती तिनं येताना रिक्षातच विसरली.

"माझे कान कारखान्यातच राहिले!" मागून आवाज आला.

"काय राहिलं?" बाबा ओरडले.

"कान! कान!"

तिनं पाहिलं तर बाबा केव्हाच उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले होते. दोन बहिऱ्यांची गट्टी जमायला वेळ लागत नाही. दोघंही ओरडतात, दोघांनाही निम्मंच कळतं आणि दोघांचाही मान राहतो. पलीकडे त्याची बायको मांडीवर पिशवी धरून, हे रोजचंच आहे अशा चेहऱ्यानं बसली होती. आता बाबा काय बोलणार ते तिला कळलं. फोन कानाला लावून बाहेर निघून जावं, मनात आलं. ती उठलीसुद्धा, दारापर्यंत गेली, फोन कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. ती "हॅलो" म्हणाली. शेहेचाळीस वर्षांची बाई, दवाखान्याच्या दारात, मुक्या फोनशी बोलणारी. आणि आत बाबा सांगत होते, "माझी मुलगी प्राध्यापक आहे! माणसं कशी बोलतात त्यावर तिनं लिहिलंय! बक्षीस मिळालंय!"

"अहो, एक मॅडम आमच्याकडेही आल्या होत्या," मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर दाराकडे गेली. "मॅडम?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला ती तयार नव्हती. राग असता, ओळख न देणं असतं, तर ते तिनं सोसलं असतं. त्यांना आनंद झाला होता. ते उठून उभे राहिले, सदरा खाली ओढला. "अगं, या त्या मॅडम! तुला सांगतो ना नेहमी."

"नेहमी म्हणजे काय, ऊठसूट सांगतात," बायको म्हणाली. "मॅडमनी तीन तास ऐकलं, मॅडमनी तीन तास ऐकलं. जसं काही आम्ही कानात बोळेच घालून बसतो."

"बरं, त्याचं पुढे काय झालं हो?" मास्तरांनी विचारलं. "छापून आलं का?"

"हो," ती म्हणाली. "छापलं गेलं."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. मास्तरांना आलं की नाही कोण जाणे, त्यांनी कानामागे हात धरला होता. "मला एक प्रत मिळेल? इंग्रजीत असेल, असू दे. माझं कुठलं वाक्य घेतलंत तेवढं बोट ठेवून दाखवा, म्हणजे झालं." त्यांनी अर्जाच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहून दिला, खोडाखोड न करता, प्रत्येक अक्षर सुटं. मग बाबांना आत बोलावलं. काचेच्या खोलीत बाबा कानाला यंत्र लावून बसले, आणि बाहेरच्या बाकावरून ती बघत राहिली. आतली मुलगी एकेक शब्द उच्चारत होती आणि बाबा तो मोठ्यानं परत म्हणत होते. घर. मीठ. पाय. चुकलेला शब्दही ते इतक्या खात्रीनं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं चुकतेय ती मुलगीच.

त्यानंतरचे आठ दिवस ती लेख पोस्टानं पाठवून मोकळं व्हायच्या विचारात होती. सोबत पत्र जोडायचं. ती लिहायला बसली. 'माझ्या सादरीकरणादरम्यान आपली ओळख अनवधानाने उघड झाली असावी.' तिनं ते एकदा वाचलं. खोडून पुन्हा लिहिलं. 'गोपनीयतेच्या बाबतीत काही त्रुटी राहून गेली.' राहून गेली! ती काय कुणाची छत्री होती? तिसऱ्यांदा लिहिलं तर 'माझ्याकडून चूक झाली', म्हणजे चूक आपली आपण चालत आली आणि हिच्या दारातून आत शिरली, एवढंच. लहानपणी तिनं एकदा औषधाची बाटली फोडली होती आणि आईला म्हणाली होती, "बाटली फुटली." आई भांडी घासत होती. मान वर न करता तिनं विचारलं होतं, "आणि तिला कंटाळा आला होता का?" या भाषेत लपायला किती जागा आहेत, आणि त्यातली प्रत्येक जागा आपल्याला नकाशासकट ठाऊक आहे, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्यांच्या नोटिसांत तिनं हे सगळं मोजून दाखवलं होतं, दशांश चिन्हासकट. तिनं तिन्ही कागद फाडले. रविवारी सकाळी घरात कुणाला न सांगता, लेख पिशवीत घालून ती त्या पत्त्यावर गेली.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. खिडकीत कोथिंबिरीची कुंडी, टेबलावर शब्दकोडी कापून चिकटवलेली वही. मास्तरांच्या कानात नवं यंत्र होतं आणि त्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं. "स्वतःचं चावणं ऐकू येतं हो," ते म्हणाले. बायकोनं चहा ठेवला. तिनं चौथा तक्ता उघडला, तिरक्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं. मास्तर मान डोलावत राहिले. मग तिनं तक्ता समजावला. कर्ता असलेली वाक्यं इतकी, नसलेली इतकी.

"हे तर मीच म्हणालो होतो," ते म्हणाले, तक्रार म्हणून नव्हे, नवलानं.

"हो. मोजलं मी, पण काय मोजायचं ते तुम्ही सांगितलंत. तसं मी कुठेही लिहिलं नाही. माझाच शोध म्हणून लिहिलं."

"असू दे हो. नळी मी बनवत नव्हतो, मापत होतो. तुम्ही मापलंत." ते हसले, घशातल्या त्या बारीक घरघरीसकट.

इतक्या स्वस्तात सुटका झाली तशी पुढचं बोलू नये असं तिला फार वाटलं. चहा प्यावा, प्रत द्यावी, निघावं. सात वर्षांत जे कुणाला कळलं नाही ते आज कळून कुणाचं भलं होणार होतं? तिनं कप खाली ठेवला. "अजून एक आहे," ती म्हणाली. "हे वाक्य मी तुमच्या साहेबांसमोर पडद्यावर दाखवलं. त्यांनी तुम्हाला ओळखलं. तेच ना, असं मला विचारलं. सांगता येणार नाही असं मी म्हणाले, पण हसत म्हणाले. मी हसले म्हणून त्यांची खात्री पटली."



"कधी?" मास्तरांनी विचारलं.

"यादीच्या आधी. तीन महिने."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. हळूच हात वर नेला, कानातलं यंत्र काढलं आणि टेबलावर, वहीच्या शेजारी ठेवलं. आता आपण काहीही बोललो तरी या माणसापर्यंत पोचणार नाही हे तिला कळलं. तिनं त्यांच्या बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती.

"म्हणजे भावजी नव्हते," बायको म्हणाली.

मग तिनंच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, तुटक तुटक. भावजी म्हणजे मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणारा माणूस. कारखाना त्याला मौनी म्हणायचा, कारण तो दिवसाला दहा शब्दांच्या वर जायचा नाही. दोघांचा डबा एक, घरं एकाच गल्लीत. यादी लागली त्या दिवशी साहेबांनी मास्तरांच्या हातात पत्र दिलं आणि म्हणाले, "आता पत्र्याला विचारा, कुणी ठरवलं." सगळे हसले. पत्र्याचं ते बोलणं मास्तरांनी दोनच ठिकाणी केलं होतं. एक या मॅडमजवळ, आणि दुसरं मौनीजवळ, डबा खाताना. "तुमच्यावर यांना शंका येणंच शक्य नव्हतं. तुम्ही छापील कागदावर लिहून दिलं होतंत ना. यांचा छापील कागदावर फार विश्वास." मौनी तर कामावर राहिला होता. राहिलेल्या तिघांतला एक. मास्तरांनी भर पटांगणात, सगळ्यांसमोर, त्याला चुगलखोर म्हटलं. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. "तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मी गेले. हे गेले नाहीत. खिडकी लावून घेतली यांनी. इथून दिसतं त्यांचं दार."

ती ऐकत होती, आणि तिच्या त्या सात वर्षांच्या हिशेबात हा आकडा कधी आलाच नव्हता हे तिला दिसत होतं. नोकरी गेली असेल, तो खचला असेल, आजारी पडला असेल, सगळं तिनं मनाशी रंगवून पाहिलं होतं. आपल्या हसण्यानं दोन माणसांमधलं बोलणंच बंद पाडलं असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि म्हणे बोलण्याचा अभ्यास! मौनीची मुलाखतही तिनं घेतली होती, आता आठवलं. अकरा मिनिटं. हो, नाही, माहीत नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'अपुरी सामग्री' असं लिहून तिनं ती गाळली होती.

मास्तर उठले. चपला शोधल्या. "चला," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांना ऐकू आलं नाही. बायकोनं टेबलावरचं यंत्र उचलून त्यांच्या हातात दिलं. "आधी हे कानात घाला. तिथं जाऊन काय भिंतीशी बोलणार?" त्यांनी ते घातलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. "तुम्ही सांगा त्याला," ते तिला म्हणाले. "आत्ता मला सांगितलंत तसंच. मला जमायचं नाही."

गल्ली ओलांडायला मिनिटभरही लागलं नाही. पलीकडच्या इमारतीचा जिना अरुंद होता. पहिल्या मजल्यावर मास्तरांनी कठड्याला धरलं आणि थांबले. श्वास लागला होता. "व्हा पुढं," त्यांनी हातानं सांगितलं. ती एकटीच दुसऱ्या मजल्यावर गेली. दार वाजवलं. उघडणारा माणूस उंच, थोराड होता. अस्तन्या वर केलेल्या, हात ओले, बोटांना साबणाचा फेस. त्यानं तिला ओळखलं की नाही ते कळलं नाही. "या," म्हणाला. ती आत गेली, पण बसली नाही. दाराशीच उभी राहून तिनं सगळं सांगितलं. मी दाखवलं, मी हसले, मी नंतर गप्प बसले. पाठ केलं नव्हतं तरी वाक्यं सरळ येत होती, आणि प्रत्येक वाक्यानं हलकं वाटण्याऐवजी काहीतरी जड होत चाललं होतं.

तिच्या कामात शांतताही लिहायची असते. कंसात सेकंद टाकायचे. ही शांतता कुठल्याच कंसात मावली नसती. न्हाणीघरात नळ थेंब थेंब गळत होता.

"त्यानं मला विचारलं होतं," शेवटी तो म्हणाला. "तू सांगितलंस का? मी म्हटलं, नाही. त्यानं परत विचारलं. परत काय सांगायचं? एकदा सांगितलं होतं ना." त्यानं पंच्याला हात पुसले, एकेक बोट. "ही जायच्या आधी म्हणत होती, त्यांना बोलवा, मी विचारते त्यांना. मीच नको म्हटलं. तुम्ही तेव्हा आला असता, तर तिला कळलं असतं."

त्याच्या आवाजात ठपका नव्हता. वाक्य होतं, एवढंच. माफीचे जे शब्द तिला येत होते ते सगळे या खोलीत थिटे पडत होते. ती म्हणाली, "हो. मी यायला हवं होतं." त्यानं मान हलवली, जणू नळीचं माप बरोबर आलं.

"तो कुठाय?"

"जिन्यात. खालच्या मजल्यावर."

तो आत गेला. नळ पूर्ण उघडल्याचा, पेला विसळल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं भरलेला पेला तिच्या हातात दिला. "दम लागतो त्याला, जिना चढला की. पूर्वीपासून. एवढं द्या आणि वर ये म्हणावं."

ती पेला दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरली. पाणी काठोकाठ होतं. मास्तर कठड्याला पाठ टेकून उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. "वर या म्हणाले," तिनं सांगितलं. पेला घेऊन ते एका दमात प्यायले. गळ्याची शीर हललेली तिला दिसली. रिकामा पेला त्यांनी तिच्या हातात परत दिला, मिशा पुसल्या आणि तिच्या अंगावरून वर चढू लागले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ती चार पायऱ्या मागे राहून चढली. दार उघडंच होतं. मास्तर आत गेले. दार लागलं.

ती बाहेर उभी, पेला हातात. वाजवून द्यावा का? मग आतून मास्तरांचा आवाज आला. यंत्र नवं होतं, पण सवय जुनी होती. ते अजून ओरडूनच बोलत होते. दार पातळ लाकडाचं होतं. इथं उभं राहिलं तर शब्द न् शब्द ऐकू येणार होता, श्वाससुद्धा. तिनं वाकून पेला उंबऱ्याशी, कुणाच्या पायात येणार नाही असा भिंतीला लावून ठेवला आणि उतरायला लागली. पहिल्या मजल्यापर्यंत आवाज मागे येत राहिला. तिनं कठडा सोडला आणि पावलं उचलली.